चवदार तळ्याचं निकालपत्र: पाणी मिळालं, पण कशाच्या आधारावर?



मागच्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाडच्या चवदार तळ्यावरचा अस्पृश्यांचा नैसर्गिक हक्क मान्य केला, असं काहीसं. माझा विषय भूशास्त्राचा, विदर्भातल्या जुन्या तलावांत साचलेल्या गाळाचा. प्रस्तावनेत पाण्याच्या हक्कावर एखादा परिच्छेद असला तर बरं दिसेल, म्हणून ते टाकलं होतं. समितीतल्या एका मॅडमनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "निकालपत्र वाचलंय का तुम्ही?"

वाचलं नव्हतं. खोटं कशाला सांगू! भाषणांत ऐकलं होतं, दोन-तीन लेखांत वाचलं होतं, तेवढ्या भांडवलावर लिहून मोकळा झालो होतो. त्या रात्री नंदनवनच्या खोलीवर येऊन निकालपत्र शोधून काढलं. ते मोठं नाही, एका बैठकीत वाचून होतं. वाचून झाल्यावर मी ते वाक्य खोडलं. का खोडलं, ते आज सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट आणि कोर्सवर्कच्या तयारीत आहात. निकाल काय लागला आणि तो कशाच्या आधारावर लागला, हे दोन वेगळे प्रश्न असतात. हा फरक मला तरी या सात-आठ पानांनी जेवढा नीट शिकवला तेवढा रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरने शिकवला नाही.

आधी शब्द वेगळे करू

आपण विज्ञानवाले. 'नैसर्गिक कायदा' म्हटलं की आपल्याला न्यूटन आठवतो. तो नियम कुणाला मोडता येत नाही. कायद्याच्या अभ्यासात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. माणसाने केलेल्या कायद्याच्या वर न्यायाचं एक माप आहे, ते माणसाला बुद्धीने समजू शकतं आणि राजाचा हुकूमही त्या मापाने तपासता येतो, असं मानणारी विचारपरंपरा म्हणजे नैसर्गिक कायदा. सिसेरोपासून थॉमस अक्वायनसपर्यंत हा धागा येतो. हा कायदा रोज मोडला जातो आणि मोडला गेला की 'हे चूक आहे' असं म्हणता यावं, हाच त्याचा उपयोग.

नैसर्गिक हक्क हे त्याचं पुढचं रूप. माणूस म्हणून जन्मलो एवढ्यावरच जे हक्क मिळतात ते. 1789 ची फ्रान्समधली जाहीरनाम्याची भाषा ही. बेंथमला ही भाषा अजिबात पटत नव्हती. त्याच्या मते कायदा नाही तिथे हक्कही नाही, बाकी सगळी इच्छा. 'नैसर्गिक न्याय' हा तिसरा शब्द यात मिसळू नका. दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नका, या कार्यपद्धतीच्या नियमांना तो शब्द वापरतात. नेट-सेटच्या उत्तरांत हे दोन सर्रास एकत्र केलेले दिसतात.

आणि चौथा शब्द रूढी, म्हणजे लोक वर्षानुवर्षं जसं वागत आले तेच कायदा मानणं. आपल्याकडे हे फार जुनं आहे. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमायचे, साक्षी व्हायच्या, निर्णयाचा महजर लिहिला जायचा. पुरावा पुरेनासा झाला तर दिव्य करायला लावत. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं, ते या कागदांवरच उभं आहे. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गावाच्या शिवेचा तंटा असला की महाराची साक्ष महत्त्वाची मानत. गावाची हद्द कुठून कुठे जाते हे ज्याच्या तोंडून ऐकायचं, त्यालाच गावाच्या पाणवठ्यावर बंदी. रूढीचा साक्षीदार तो, पण रूढी ठरवणाऱ्यांत तो नव्हता.

खटला काय होता

थोडक्यात घटना. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला: सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने त्यानुसार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेआधी सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला आणि 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

दावा होता नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. महाडचं न्यायालय, मग जिल्ह्याचं अपील, मग उच्च न्यायालयात दुसरं अपील. तिन्ही ठिकाणी वादी हरले. शेवटचा निकाल 17 मार्च 1937 चा. पाणी प्यायल्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी. 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाची शिक्षा सुनावणारे तेच.

निकालपत्रात काय आहे

तळं आमच्या मालकीचं, हा दावा वादींनी तोपर्यंत सोडला होता. तळं नगरपालिकेचं, हे खालच्या दोन्ही न्यायालयांत ठरलं होतं. मग उरला एकच आधार: अनादी काळापासून हे तळं फक्त आम्हीच वापरतो आणि अस्पृश्यांना ते वर्ज्य आहे, ही रूढी.

इथे इंग्रजी कायद्याचं माप लागतं. रूढीला कायद्याचं बळ हवं तर ती अनादी हवी, अखंड हवी, निश्चित हवी आणि वाजवी हवी. 'अनादी' म्हणजे इंग्लंडमध्ये तर चक्क 1189 सालाच्या आधीची, असा दंडक होता. ब्रूमफील्ड यांनी या यादीतल्या पहिल्या मापावरच प्रकरण संपवलं. तळं निदान अडीचशे वर्षं जुनं आहे हे मान्य. 1927 आधी अस्पृश्यांनी ते वापरल्याचा पुरावा नाही, हेही त्यांनी नोंदवलं. पण तळं जुनं म्हणून बंदीही तितकीच जुनी, असं धरता येत नाही. पावसाच्या पाण्याने भरणारं, झरे असलेलं, चार-पाच एकरांचं हे तळं. त्याच्याभोवती सवर्णांची घरं होण्याआधी कुणी ते फक्त स्वतःसाठी राखून ठेवण्याचा प्रयत्न केला असेल का? त्यांना शंका वाटली. म्हणून रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही. अपील फेटाळलं.

भूशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा युक्तिवाद वाचताना मजा आली. हा थरांच्या क्रमाचा युक्तिवाद आहे. गाळातला वरचा थर खालच्या थराइतका जुना असू शकत नाही. तळं हा खालचा थर, घरं हा वरचा, आणि बंदी घरांच्या थरातली. एकाही जुन्या कागदावर बंदीची तारीख नसताना त्यांनी तिच्या वयाला वरची मर्यादा घातली. पुराव्याची जबाबदारी वादींवर होती, ती त्यांना पेलली नाही. एवढ्यापुरतं हे निकालपत्र चोख आहे.

मग तक्रार काय?

तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. तिथे न्यायमूर्ती म्हणतात त्याचा आशय असा: वादींनी रूढी अनादी असल्याचं सिद्ध केलं असतं, तर ती अवाजवी आहे का, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. पण आता त्यात शिरायची गरज नाही.

थांबून विचार करा. माणसाला जातीमुळे पाण्यापासून दूर ठेवणं वाजवी आहे का, या प्रश्नाचं उत्तर दहा वर्षं आणि तीन न्यायालयं झाल्यावरही अनुत्तरित राहिलं. जीवाश्म सापडला नाही म्हणजे तो प्राणी नव्हताच असं आपण लिहीत नाही. एवढंच लिहितो की पुरावा मिळाला नाही. हे निकालपत्रही एवढंच सांगतं. समजा महाडऐवजी दुसरं गाव असतं, तळ्याकाठची घरं तळ्याइतकीच जुनी असती आणि घरमालकांकडे पेशवाईतला कागद असता. मग? या निकालाच्या तर्काने तिथल्या माणसाला काहीही हमी मिळत नाही. अन्याय जितका जुना तितका तो कायद्याच्या जवळ जातो, ही रूढीच्या मापातली खोट या निकालाने तशीच ठेवली.

गंमत म्हणजे जास्त धीट विचार खालच्या न्यायालयात सापडतो. महाडच्या न्यायाधीशांनी जुनी वहिवाट आहे हे मानलं, पण पुढे म्हटलं की सार्वजनिक तळं एका वर्गाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्यावरून पहिल्याला मनाईचा हक्क मिळत नाही आणि दुसऱ्याचा हक्क जात नाही. हा युक्तिवाद वयावर अवलंबून नाही. वहिवाट हजार वर्षांची निघाली तरी तो टिकतो. उच्च न्यायालयाने हा रस्ता न धरता वयाचा अरुंद रस्ता धरला, हा माझ्या मते या निकालातला खरा कमकुवतपणा.

आता न्यायमूर्तींची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही टीका अर्धवट राहील. एक, रूढी अवाजवी आहे हा मुद्दा खालच्या न्यायालयांत रीतसर मांडलाच गेला नव्हता, हे त्यांनी नोंदवलंय. जे मांडलं नाही त्यावर निकाल देणं दुसऱ्या अपिलात सोपं नसतं. दोन, त्यांच्यासमोर कायद्याची उतरंड होती. मुंबई इलाख्यातल्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनचं कलम 26 काढून बघा. आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचे रेग्युलेशन. ते नसतील तर मुलखाची रूढी. ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि यातलं काहीच नसेल तर न्याय, समबुद्धी आणि सद्विवेक. नैसर्गिक कायदा आपल्या कायद्यात आला होता, पण रांगेत शेवटी उभा होता. रूढी त्याच्या पुढे. त्याच सुमारास आर्थर स्टील यांनी दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा केले. 1868 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तर सांगून टाकलं की स्पष्ट सिद्ध झालेली रूढी शास्त्रग्रंथातल्या वचनालाही मागे सारते. ज्या व्यवस्थेत रूढीला इतका मान, तिथे रूढी सिद्धच झाली नाही म्हणणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग होता. त्याने महाडच्या लोकांना पाणी मिळालं. ही लहान गोष्ट नाही.

ज्या प्रश्नात न्यायालय शिरलं नाही

त्याचं उत्तर मात्र दहा वर्षं आधीच, त्याच गावात दिलं गेलं होतं. 25 डिसेंबर 1927 ला दुसरी परिषद भरली. मनुस्मृती जाळली गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेत हक्कांचा जाहीरनामा ठराव म्हणून मंजूर झाला, हे त्या मानाने कमी जणांना आठवतं. सगळे जन्मतः समान दर्जाचे आहेत आणि मरेपर्यंत तसेच राहतात, हा त्याचा गाभा. बाबासाहेबांनी भाषणात या सभेची तुलना थेट 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली.

ही भाषा बाहेरून उसनी आणली, असं कुणी म्हणालं तर त्याला फुले वाचायला सांगा. जोतीरावांनी तरुणपणी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं होतं हे खरं. पण 1891 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त निर्मिकाने सर्व स्त्री-पुरुषांना सारखेच हक्क दिले आहेत हा विचार मराठीत, मराठी शब्दांत आणि इथल्या भटशाहीला उत्तर म्हणून उभा आहे. नैसर्गिक हक्कांचा मराठी वंश इथून लावता येतो. सिनॉप्सिस लिहिताना अक्वायनसपासून सुरुवात करायलाच हवी असं नाही.

पण जाहीरनाम्यालाही मर्यादा होती, आणि ती त्याच डिसेंबरात दिसली. जन्मसिद्ध हक्काचा ठराव करणाऱ्या हजारो माणसांनी मनाई हुकुमामुळे तळ्यावर जाणं पुढे ढकललं. हक्क जन्माने मिळालेला, पण दार न्यायालयाच्या हातात. बेंथम इथे हसला असता. बोले यांचा ठरावही चार वर्षं कागदावरच होता. पुढे 1943 मध्ये रानड्यांवरच्या भाषणात बाबासाहेबांनीच म्हटलं की हक्कांचं खरं रक्षण समाजाची नैतिक जाणीव करते, नुसता कायदा पुरत नाही. म्हणजे निव्वळ घोषणेने भागत नाही, निव्वळ निकालाने भागत नाही, निव्वळ कायद्यानेही नाही. 'नैसर्गिक हक्कांचा विजय' असं एका ओळीत लिहिलं की हे सगळं झाकलं जातं.

रूढी नेहमी शत्रूच असते का?

हा प्रश्न मला गडचिरोलीने विचारायला लावला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्याचा सूर असा, की हे हक्क सरकार नव्याने देत नाही. ते आधीपासून होते, आता मान्य करतोय. इथे 'आम्ही पूर्वीपासून वापरत आलो' हेच वाक्य दुबळ्याच्या बाजूने उभं राहतं. पण तोच कायदा आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, पुरावा मागतो. ज्याच्याकडे कधी कागदच नव्हता त्याने कागद आणायचा. महाडमध्ये पुराव्याच्या याच ओझ्याखाली सवर्ण वादी वाकले, इथे गरीब दावेदार वाकतो. रूढीचं माप कुणाच्या बाजूने पडेल हे म्हणून दोन गोष्टींवर ठरतं: ती रूढी माणसाला आत घेते की बाहेर ठेवते, आणि सिद्ध करायचं ओझं कुणावर आहे. ब्रूमफील्ड यांनी दुसरी गोष्ट नेमकी हाताळली आणि पहिलीला हात लावला नाही.

तो हात शेवटी संविधानाने लावला. अनुच्छेद 15 (2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द आहेत. एवढ्या मोठ्या दस्तऐवजात विहीर आणि तलाव नावानिशी का आले, हे महाड माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही. अनुच्छेद 17 अस्पृश्यता नष्ट करतो. आणि अनुच्छेद 13 म्हणतो की कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा 'कायदा' या शब्दात येते, म्हणून मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर ती निरर्थक. 1827 ची रांग इथे उलटी झाली. रूढी किती जुनी, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

वाद तरीही पूर्ण मिटलेला नाही. 1951 मध्ये नरसू आप्पा माळी खटल्यात याच मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की व्यक्तिगत कायदे अनुच्छेद 13 मधल्या 'कायद्या'त मोडत नाहीत. 2018 च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्या तर्कावर टीका केली. विषय शोधत असाल तर इथे भरपूर काम आहे.

तुमच्यासाठी

कुठलाही निकाल, पेपर किंवा अहवाल उद्धृत करण्याआधी तीन ओळी स्वतःच्या वहीत लिहा. काय ठरलं? कशाच्या आधारावर ठरलं? आणि 'यात शिरायची गरज नाही' म्हणून काय सोडून दिलं? तिसरी ओळ बहुतेकांच्या वहीत कोरी असते. माझीही होती.

माझं नवं वाक्य आता असं आहे: "1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्यावरील बंदीची रूढी अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून अपील फेटाळलं, ती रूढी वाजवी होती का, हा प्रश्न त्याने खुला ठेवला." पहिल्या वाक्याइतकं ते भारदस्त वाटत नाही. मॅडमनी दुसऱ्या वेळी ते वाचलं आणि काही न बोलता पान उलटलं.

सक्करदरा तलावावरून खोलीकडे जाताना मला अजून तो शेवटचा परिच्छेद आठवतो. गाळाचं वय काढणं हे माझं काम आहे, ते मी करीन. पण पाणी कुणी प्यावं हे त्या वयावरून ठरू नये. हे न्यायालयाने 1937 मध्ये म्हटलं असतं तर मला ते पहिलं वाक्य खोडावं लागलं नसतं.

तुमच्या वाचनात असा एखादा निकाल असेल, ज्याचं नाव मोठं आहे पण आधार वेगळाच निघाला, तर नक्की कळवा. पुढच्या वेळी त्यावर बोलू.